कमी खा, जास्त जगा : पण कमी कशापेक्षा?

(सफाळे इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतला थोडाच भाग घेतला आहे.)

डहाणू लोकल लेट होती म्हणून आपण पंधरा-वीस मिनिटं थांबलो, आणि त्यात चहा-बिस्किटांचा एक राऊंड जास्तीचा झाला. आजचा विषय बघता संयोजकांनी हे मुद्दाम केलं की काय, अशी शंका मला येते आहे.

मी आज एका वाक्याचं परीक्षण करणार आहे. पुस्तकाचं परीक्षण करतात, नाटकाचं करतात, मग वाक्याचं का नको? वाक्य आहे : ‘कमी खा, जास्त जगा.’ तुमच्या प्रत्येकाच्या फोनवर ते कधी ना कधी आलेलं आहे. त्याच्या मागे बहुतेक वेळा असं जोडलेलं असतं की हे विज्ञानाने सिद्ध झालंय, उंदरांवर प्रयोग झालेत. आणि लगेच पुढे आपलं जुनं वचन, एकदा खाणारा योगी, दोनदा खाणारा भोगी, तीनदा खाणारा रोगी. म्हणजे विज्ञानही आलं आणि परंपराही आली. आता कोण बोलणार याच्या विरुद्ध?

मी विरुद्ध बोलायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो. या वाक्यात दम आहे. पण ते अर्धं वाक्य आहे. ‘कमी’ हा शब्द तुलनेचा आहे. कमी, कशापेक्षा? ते कुणी सांगत नाही. माझी आजची सगळी तक्रार तेवढीच आहे.

आधी उंदीर बघू. १९३५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं पुरेशी दिली, पण उष्मांक, म्हणजे कॅलरी, इतक्या कमी दिल्या की त्यांची वाढच खुंटली. असे उंदीर भरपेट खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. इथून ही सगळी गोष्ट सुरू होते. फॉरवर्डमध्ये न येणारी एक गंमत यात आहे. आयुष्य ठळकपणे वाढलं ते नरांचं. माद्यांचं सरासरी आयुष्य जवळजवळ जिथल्या तिथे राहिलं. पहिल्याच प्रयोगात निम्म्या उंदरांनी वाक्याला नीट साथ दिली नाही, पण वाक्य पुढे निघालं ते निघालंच.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याशी तुलना झाली ते उंदीर कसे होते? पिंजऱ्यातला उंदीर. हिंडणं-फिरणं नाही, मांजर नाही, आणि समोर चोवीस तास भरलेलं भांडं. २०१० साली मार्क मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेखच लिहिला, की प्रयोगशाळेतले हे ‘नेहमीचे’ उंदीर नेहमीचे नाहीतच, ते लठ्ठ आहेत, बैठे आहेत, त्यांची साखर बिघडलेली आहे. म्हणजे ज्याला आपण निरोगी समजून मोजपट्टी केली तो आधीच आजारी होता. त्याचं खाणं कमी केलं तर तो जास्त जगणारच की. याला आयुष्य वाढवणं म्हणायचं, की आयुष्य कमी करणारी एक गोष्ट काढून टाकणं?

हा प्रश्न उंदरांवर सुटला नसता. तो माकडांनी सोडवला, आणि तो किस्सा मला जरा निवांत सांगायचा आहे, कारण या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण तेच आहे.

अमेरिकेत दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग सुरू झाले. सरकारच्या वृद्धत्व संशोधन संस्थेत १९८७ साली, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८९ साली. हे माकड पंचवीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे शास्त्रज्ञाची अर्धी नोकरी एका प्रयोगात गेली. दोन्हीकडे एका गटाला सुमारे तीस टक्के कमी खायला दिलं. २००९ साली विस्कॉन्सिनने सांगितलं, कमी खाणारी माकडं म्हातारपणाच्या रोगांनी कमी मेली. सगळीकडे बातमी झाली. दोन माकडांचे फोटो शेजारी शेजारी छापून आले, एक तजेलदार, एक खंगलेलं. मग २०१२ साली सरकारी संस्थेने आपला निकाल दिला, की आमच्याकडे आयुष्यात फरक नाही.

आता काय करायचं? दोन्ही संस्था नामांकित, जनावर एकच, कपात एकच, निकाल उलटे.

उत्तर ताटात निघालं. कमी खाणाऱ्यांच्या ताटात नव्हे, तर ज्यांच्याशी तुलना केली त्या दुसऱ्या माकडांच्या ताटात. विस्कॉन्सिनच्या माकडांचं खाणं कारखान्यात शुद्ध केलेल्या घटकांचं होतं, त्यात जवळजवळ अठ्ठावीस टक्के साखर, आणि तुलनेच्या गटाला हवं तेवढं खायची मोकळीक. सरकारी संस्थेत खाणं धान्याधिष्ठित, साखर चार टक्क्यांच्या आसपास, आणि तुलनेच्या गटालाही मापून दिलेलं. म्हणजे तिथली ‘न कापलेली’ माकडंसुद्धा बेतानेच खात होती. त्यांच्याहून कमी खाऊन आणखी काय मिळणार? २०१७ साली दोन्ही चमू एकत्र बसले, सगळी आकडेवारी एकत्र केली आणि एकत्र निबंध लिहिला. निष्कर्ष असा, की कमी खाण्याचा फायदा आहे, पण तो किती ते वय, लिंग आणि खाण्याची प्रत यांवर ठरतं. फार लहान वयात सुरू केलेल्यांना तो तसा मिळाला नाही.

शास्त्रज्ञ भांडले आणि मग एकत्र बसून चूक कुठे ते शोधलं, हे मला फार आवडतं. आपल्याकडे असं होत नाही. आपल्याकडे पक्ष होतात.

आता तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठे येतोय. २०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष होते, दीक्षित की दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, खरी भूक लागेल तेव्हा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना कै. डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे ते प्रत्येक ठिकाणी सांगत. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या भागातलं खा, भात आणि तूप सोडू नका. लग्नाच्या पंगतीत पहिला प्रश्न असायचा, तुम्ही कोणाचे?

दीक्षितांचं जे ऐकलं-वाचलं त्यावरून मला एक गोष्ट न्यायाने सांगायची आहे. त्यांचा भर कॅलरी मोजण्यावर नाहीच. जेवायला बसलात की पोटभर जेवा, असंच ते म्हणतात. त्यांचा मुद्दा आहे इन्सुलिनचा, म्हणजे दिवसातून किती वेळा तुम्ही त्याला कामाला लावता त्याचा. आणि त्यांचं वचन वजनाबद्दल आणि मधुमेहाबद्दल आहे. शंभर वर्षं जगाल असं त्याचं रूप झालं ते अनुयायांच्या तोंडी. म्हणून मॅकेच्या उंदरांचा पुरावा दोन वेळच्या जेवणाला जोडणं ही सरळ सरळ चूक आहे. ते उंदीर कमी खात होते. दोनदा खाणं वेगळं आणि कमी खाणं वेगळं. दोनदा बसून चार वेळचं खाणारे मी पाहिलेत, तुम्हीही पाहिलेत. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याकडे उगाच नाही म्हणत.

मग दोन वेळांचा फायदा लोकांना होतो तो कशाने? माझं मत सांगतो. आपल्या घरांत जेवणाने फारसं कुणी बिघडत नाही, बिघडतं ते मधल्या खाण्याने. सकाळी चहा-खारी, अकराला ऑफिसात चहा, चारला वडापाव, घरी आल्यावर फरसाण, मग रात्री साडेदहाला जेवण. दोनच वेळा म्हटलं की हे सगळं एका फटक्यात जातं. नियम सोपा, मोजायला काही नाही, फुकट. हा त्या योजनेचा खरा गुण आहे, आणि तो मोठा आहे. त्यासाठी उंदरांना साक्षीला बोलवायची गरज नाही.

पण एका ठिकाणी वेळवाल्यांना एक गुण द्यायलाच हवा, नाहीतर मीही पक्षातला होईन. कमी खाणाऱ्या उंदरांना खाणं दिवसातून एकदा मिळतं. भुकेले असतात, दोन तासांत फस्त करतात, आणि उरलेले बावीस तास उपास. मग फायदा कमी खाण्याचा की लांब उपासाचा? २०२२ साली जोसेफ ताकाहाशी यांच्या चमूने हे वेगळं करून पाहिलं. तीस टक्के कमी खाणं, पण चोवीस तासांत थोडं थोडं विभागून दिलं, तर आयुष्य दहा टक्के वाढलं. तेवढंच खाणं उंदराच्या जागेपणी, म्हणजे रात्री दिलं, तर जवळजवळ पस्तीस टक्के. एका जातीचे नर उंदीर होते ते, हे विसरू नका. माणसांत बघाल तर चीनमध्ये ग्वांगझौला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभराचा प्रयोग झाला, त्याचाही निकाल २०२२चाच. कॅलरी दोन्ही गटांना सारख्याच कमी दिल्या, एका गटाला शिवाय आठ तासांचं बंधन घातलं. त्या बंधनाने जास्तीचं काही मिळालं नाही. तरी उंदराच्या निकालात आपल्यासारख्यांना विचार करायला जागा आहे. इथून पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारा माणूस डबा दीडला खातो आणि खरं जेवण करतो ते परत आल्यावर, रात्री दहाला, आणि अकराला आडवा. हे अमुक टक्के आयुष्य घटवतं असं मी म्हणणार नाही. पण त्याला वेळापत्रक सांगणाऱ्याने आधी रेल्वेचं वेळापत्रक बघावं, एवढं नक्की म्हणेन.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कमी, कशापेक्षा?

हा प्रश्न सफाळ्यात विचारायला मला बरं वाटतं, कारण त्याची दोन्ही उत्तरं या एकाच जिल्ह्यात आहेत. रुळांच्या बाजूची आपली घरं बघा. नोकरी, पेन्शन, स्कूटर, घरटी एकाला शुगर. इथून पूर्वेला सरकत मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत गेलात की चित्र बदलतं. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, पण कुपोषणाच्या बातम्या काही ठाण्यात राहिल्या नाहीत. २०१५पासून सरकार आदिवासी भागात अमृत आहार योजना चालवतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसातून एक पूर्ण जेवण. एक! म्हणजे याच जिल्ह्यात एका बाईला आपण सांगतो आहोत, ताई, एक जेवण सोडा, आणि दुसरीला सरकार सांगतंय, बाई, एक जेवण तरी पूर्ण घ्या. राज्याचं बघितलं तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात साधारण पाचातली एक बाई प्रमाणापेक्षा बारीक, आणि त्याहून थोड्या जास्त बायका प्रमाणापेक्षा जाड. फोनवरचं वाक्य दोघींना सारखंच पोचतं.

इथे कुणी म्हणेल, पूर्वेची माणसं कमी खातात, मग ती जास्त जगायला हवीत. नाही जगत. आपले पणजोबाही कमीच खात. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. आपल्याला नव्वदीतले आजोबा आठवतात, कारण ते उरले. जे नाही उरले त्यांची आठवण सांगायला कोण आहे? प्रयोगातल्या उंदराला कॅलरी कमी होत्या, पण प्रथिनं, जीवनसत्त्वं, औषधपाणी, निवारा, सगळं पुरवलेलं होतं. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकलेली बाई पेज पिऊन राहते, ते कॅलरी रिस्ट्रिक्शन नव्हे. त्याला मराठीत उपासमार म्हणतात.

आणि याहून खोल गोष्ट आपल्याच राज्यातून जगाला कळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. १९९३पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. बाळ लहान, स्नायू कमी, पण चरबी? ती मात्र त्या मानाने राखलेली. पोटात असताना टंचाई झाली की शरीर आधी स्नायूंत काटकसर करतं आणि चरबी जपतं. असं मूल पुढे मोठं होऊन जरा बऱ्या खाण्याला लागलं की मधुमेहाकडे लवकर झुकतं. २००४ साली त्यांनी लॅन्सेटमध्ये आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघेही सडपातळ! म्हणजे आयुष्याच्या सुरुवातीचं कमी खाणं आपल्याकडे आयुष्य वाढवत नाही, पुढच्या रोगाची पेरणी करतं. ज्या बाईने ‘कमी खा’ ऐकून गरोदरपणी ताट अर्धं केलं, तिने स्वतःचं नव्हे, मुलाचं कापलं.

हे झालं सुरुवातीचं टोक. शेवटच्या टोकाबद्दल मला घरातलं सांगावं लागेल.

माझी मावशी बहात्तर वर्षांची. ठणठणीत, घरचं सगळं करणारी. फोनवर कुणाचं तरी भाषण ऐकलं, कुणाचं ते तिला सांगता आलं नाही. तिने रात्रीचं जेवण सोडलं. मग दूध सोडलं. दुपारी दोन भाकऱ्यांची एक झाली. म्हावरं तर श्रावणात सोडलं ते पुन्हा धरलंच नाही. आम्ही कौतुक करत होतो, हे लक्षात घ्या. मी स्वतः म्हटलंय तिला, मावशी, तू आमच्यापेक्षा जास्त जगणार. आठ महिन्यांत वजन बावन्नवरून चव्वेचाळीस. मग एक दिवस मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून ओटीपर्यंत येते. घसरली ती न खाण्यामुळेच असं मी शपथेवर सांगू शकत नाही, म्हातारी माणसं घसरतात. पण वजन गेलं ते चरबीचं नव्हतं, मांडीचे स्नायू गेले होते, हे दिसत होतं. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

त्यानंतर मी हे सगळं वाचायला लागलो. माणसांवरचा सगळ्यात नीट प्रयोग अमेरिकेतला, कॅलरी नावाचाच. दोन वर्षांचा, सुमारे २२० माणसं, लठ्ठ नसलेली. ठरवलं होतं पंचवीस टक्के कमी खायचं. आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ दिमतीला, आणि तरी जमलं सरासरी बारा टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन सगळं सुधारलं, ते मान्य. २०२३ साली त्याच रक्ताच्या नमुन्यांवरून म्हातारं होण्याचा वेग मोजला, तो एका मोजपट्टीवर दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला, दुसऱ्या मोजपट्ट्यांवर काही दिसलं नाही. पण हाडांची घनता कमी झाली, खुब्याला आणि मणक्याला. आणि त्यातली माणसं होती किती वर्षांची? एकवीस ते पन्नास. सत्तरीचं एकही नाही. माझ्या मावशीला जो सल्ला मिळाला तो तिच्या वयाच्या कुणावर तिथे तपासलेलाच नव्हता.

आणखी एक, आणि मग थांबतो. २०२४ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेने साडेनऊशेच्या वर उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. हे उंदीर एकमेकांपासून वेगळ्या अनुवंशाचे होते, आपल्यासारखे. चाळीस टक्के कमी खाणारे सगळ्यात जास्त जगले, हे खरं. वाक्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही. पण त्याच गटात जास्त जगले कोण? ज्यांचं वजन कमी खाऊनही टिकून राहिलं ते. ज्यांचं झपाट्याने उतरलं ते लवकर गेले. आणि कोण किती जगणार यात आहारापेक्षा अनुवंशाचा वाटा मोठा निघाला. आपण नेमकं उलट करतो. वजन जितकं झरझर उतरेल तितके पेढे वाटतो. म्हणजे, पेढे नाही, पण फोटो टाकतो.

प्रश्न असतील तर घेऊ.

(एक काकू : मग आम्ही एकादशी करायची की नाही?)

करा की काकू. श्रद्धेसाठी करा. आयुष्य वाढवायला करत असाल तर साबुदाण्याच्या खिचडीवर शेंगदाण्याचं कूट आणि तूप किती पडतं ते एकदा बघा. आणि गोळ्या चालू असतील तर निर्जळी नको.

(एक विद्यार्थिनी : सर, त्या उंदरांना सतत भूक लागत असेल ना?)

लागते. खाणं टाकल्या टाकल्या तुटून पडतात. तीन वर्षं भुकेलं राहून त्यांनी काय कमावलं हे त्यांना विचारता येत नाही. माणसांना विचारता येतं, म्हणून माणसांना बारा टक्क्यांच्या पुढे जमलं नाही.

(एक गृहस्थ : माझं वय अडुसष्ट. शुगर आहे. दोन वर्षं दोनदाच जेवतो, शुगर खाली आली, वजन सहा किलो कमी झालं. आता बंद करू का?)

अजिबात नको, माझं ऐकून तर मुळीच नको. तुम्हाला गुण आलाय. आधी वजन किती होतं? चौऱ्याऐंशी? मग तुम्ही कमी केलंत ते खरोखर जास्तीतून. पण दोन गोष्टी विचारतो. साखर उतरली तशा गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या का? नसतील तर उद्याच जा, कारण गोळी जुन्या साखरेची आणि जेवण नवं, यात साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि दुसरं, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? आत्ता उठून दाखवा. हां, बघा, उठले. त्या दोन जेवणांत डाळ, अंडं, मासळी किती असते तेही डॉक्टरांना सांगा. वजन अजून उतरतंय का? थांबलंय? मग ठीक आहे.